लस मुलीला, तपासणी तुमची

प्रश्न धायरीहून आला आहे, थोडक्यात देते: "मी ४१ वर्षांची. मुलगी तेरा वर्षांची, मुलगा दहाचा. मुलीच्या वर्गातल्या आयांच्या ग्रुपवर एचपीव्ही लसीची, म्हणजे गर्भाशयमुखाच्या (पिशवीच्या तोंडाच्या) कॅन्सरवरच्या लसीची चर्चा चालू आहे. निम्म्या म्हणतात देऊन टाका, निम्म्या म्हणतात घाई कशाला, पुढे मूल व्हायला त्रास होतो. सासूबाई ६६ वर्षांच्या आहेत, त्यांना हा विषयच आवडलेला नाही. 'एवढ्याशा पोरीला असलं काही देऊ नका' म्हणतात. मला स्वतःला काही त्रास नाही, पाळी वेळेवर येते, त्यामुळे पॅप टेस्ट (गर्भाशयमुखाच्या पेशींची तपासणी) कधी केली नाही. इंदापूरला माझ्या जाऊबाई असतात, वय ३८. त्यांना तिथल्या डॉक्टरांनी सांगितलंय की पिशवीच्या तोंडावर जखम आहे, पुढे कॅन्सर होईल, पिशवी काढून टाका. नक्की काय करायचं?"

उत्तर आधी सांगते, कारणं मागाहून. मुलीला लस द्या, येत्या सुट्टीच्या पुढे ढकलू नका. तुमची स्वतःची एचपीव्ही टेस्ट, म्हणजे या कॅन्सरच्या विषाणूची तपासणी, पुढची पाळी संपली की करून घ्या. सासूबाईंचीही एकदा व्हायला हवी. आणि जाऊबाईंना आजच फोन करून सांगा की हातात रिपोर्ट आल्याशिवाय ऑपरेशनच्या कागदावर सही करायची नाही.

तुम्ही मुलीबद्दल सगळं तपशिलात विचारलंत आणि स्वतःबद्दल एकच ओळ लिहिलीत, तीही "काही त्रास नाही" अशी. ओपीडीत हेच रोज दिसतं. लसीची चौकशी करणाऱ्या आया पुण्यात आता पुष्कळ झाल्या आहेत, त्याचा आनंदच आहे. पण मुलीला घेऊन आलेल्या आईला विचारलं, तुमची आतून तपासणी शेवटची कधी झाली, तर उत्तर येतं, "हिच्या वेळी." म्हणजे बाळंतपणात. गर्भाशयमुखाचा कॅन्सर हा बहुतेक करून चाळिशी-पन्नाशीतल्या बायकांचा आजार आहे. तुमच्या मुलीला त्याचा धोका असला तर तो वीस-तीस वर्षांनी आहे. तुमचं वय मात्र आत्ता त्या टप्प्यात आलंय. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात वर्षाला सुमारे सव्वा लाख बायकांना हा कॅन्सर होतो आणि जवळपास ८० हजार जणी दगावतात. त्या सगळ्या लसीच्या वयाच्या केव्हाच पुढे गेलेल्या. त्यांना वाचवू शकली असती ती तपासणी, आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत ३० ते ४९ वयातल्या शंभरातल्या जेमतेम दोघींनी आयुष्यात एकदा तरी ती केलेली होती. म्हणून लसीबद्दल लिहिते, पण जास्त बोलणार आहे ते तुमच्याबद्दल.

हा कॅन्सर एका विषाणूमुळे होतो, ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, म्हणजे एचपीव्ही. त्याचे दोनशेवर प्रकार आहेत. त्यातले चौदाएक कॅन्सरच्या दृष्टीने धोक्याचे, आणि त्यातही १६ आणि १८ या दोन नंबरांच्या वाट्याला जगभरातले ७० टक्क्यांच्या आसपास गर्भाशयमुखाचे कॅन्सर जातात. शरीरसंबंध सुरू झाले की कधी ना कधी हा विषाणू बहुतेक सगळ्यांच्या अंगात येऊन जातो, पुरुषांच्याही. दहातल्या नऊ जणींच्या बाबतीत शरीर त्याला दोनेक वर्षांत हुसकावून लावतं, कळतही नाही. उरलेल्या काहींमध्ये तो चिकटून बसतो, गर्भाशयमुखाच्या पेशी हळूहळू बदलत जातात, आणि त्या बदलांचा कॅन्सर व्हायला साधारण पंधरा ते वीस वर्षं लागतात. एचआयव्ही असलेल्या बायकांमध्ये हाच काळ पाच-दहा वर्षांवर येतो. इतका लांब, शांत आणि सापडण्याजोगा काळ फार थोड्या कॅन्सरमध्ये मिळतो.

इथेच एक गोष्ट बोलून घेते, कारण हिच्यावरून घरं मोडायला आलेली पाहिली आहेत. एचपीव्ही पॉझिटिव्ह आली म्हणजे नवऱ्याचं बाहेर काहीतरी आहे, किंवा बाईचं, असा अर्थ नाही. विषाणू अंगात वर्षानुवर्षं गप्प राहू शकतो आणि मग एखाद्या टेस्टमध्ये दिसतो. तो कधी आला, कुणाकडून आला, हे सांगणारी कुठलीही तपासणी नाही. रिपोर्ट हातात घेऊन कोणी "आता खरं सांग" म्हणून बसलं असेल तर त्याला माझ्याकडे पाठवा.

आता सासूबाईंचा मुद्दा, तो हसण्यावारी नेऊ नका. त्यांना खटकतंय ते एवढंच, की शरीरसंबंधातून येणाऱ्या गोष्टीची लस तेरा वर्षांच्या नातीला. पण लस विषाणूशी गाठ पडायच्या आधी द्यावी लागते. आत शिरलेल्या विषाणूला ती बाहेर काढत नाही. शिवाय नऊ ते चौदा या वयात शरीर लसीला जितकं जोरात उत्तर देतं तितकं पुढे देत नाही, म्हणून या वयात कमी डोस पुरतात. सासूबाईंना एक विचारा. कावीळ ब ची लस नातवंडांना जन्मल्याबरोबर चोवीस तासांच्या आत टोचतात. तो विषाणूही शरीरसंबंधातून पसरतो आणि त्याने यकृताचा कॅन्सर होतो. तेव्हा दवाखान्यात कोणी नाक मुरडलं होतं का? घरात या लसीला "कॅन्सरची लस" म्हणा, तेवढं पुरे आहे. मुलीलाही तेवढंच सांगितलं तरी चालेल, मात्र ती विचारेल तेव्हा खरं उत्तर द्या. तेरा वर्षांच्या मुलींना आपल्याला वाटतं त्यापेक्षा बरंच माहीत असतं.

वंध्यत्वाची अफवा कुठून आली, हे ग्रुपवरच्या कोणालाच माहीत नसेल. लसीत विषाणू नसतो, ना जिवंत ना मेलेला. त्याच्या बाहेरच्या कवचाच्या प्रथिनाचे रिकामे गोळे असतात, त्यांच्याने संसर्ग होऊच शकत नाही. ऑस्ट्रेलियात ही लस २००७ पासून शाळकरी मुलींना देतात. त्या मुली आता स्वतः आया झाल्या आहेत. जगभरात कोट्यवधी डोस देऊन झाले आणि मूल होण्याशी काही संबंध सापडलेला नाही.

आपल्याकडच्या भीतीला मात्र एक खरा इतिहास आहे, तो लपवून उपयोग नाही. २००९ मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातमधल्या वडोदरा जिल्ह्यात हजारो मुलींना ही लस एका प्रकल्पात दिली. पुढे त्यांतल्या सात मुलींचे मृत्यू झाल्याच्या बातम्या आल्या आणि एप्रिल २०१० मध्ये सगळं थांबवलं. चौकशीत मृत्यूंची कारणं निघाली ती साप चावणं, पाण्यात बुडणं, विषप्राशन, मलेरिया अशी; लसीशी जोडता येईल असं काही नव्हतं. पण त्याच चौकशीत हेही बाहेर आलं की आश्रमशाळांमधल्या कित्येक मुलींच्या संमतीपत्रांवर आई-वडिलांच्या ऐवजी वॉर्डनने किंवा मुख्याध्यापकांनी सह्या केल्या होत्या. संसदीय समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले, आणि ते योग्यच होते. संमतीचा कारभार वाईट होता म्हणून लस वाईट ठरत नाही, पण लोकांच्या मनात दोन्ही एकत्र बसलं आणि देशाची दहा-बारा वर्षं गेली.

त्याच गोंधळातून एक अनपेक्षित गोष्ट हाती लागली, आणि तिच्यात आपल्या भागातल्या मुली आहेत. २००९ मध्येच भारतात नऊ ठिकाणी, त्यात पुणे आणि बार्शीही, दोन डोस पुरतात की तीन लागतात हे पाहणारा अभ्यास सुरू झाला होता. २०१० च्या बंदीमुळे तो मध्येच थांबला, आणि सुमारे पावणेअठरा हजार मुलींपैकी चार हजारांहून जास्त जणींना एकच डोस मिळून राहिला. संशोधकांनी त्यांचा पाठपुरावा सोडला नाही. दहा वर्षांनी पाहिलं तर एक डोस घेतलेल्यांना १६ आणि १८ च्या टिकून राहणाऱ्या संसर्गापासून मिळालेलं संरक्षण ९५ टक्क्यांच्या घरात होतं, दोन-तीन डोसवाल्यांच्या बरोबरीचं. २०२१ मध्ये हे छापून आलं. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२२ मध्ये ९ ते २० वयासाठी एक डोसही चालेल असं म्हटलं, त्यामागे जे पुरावे आहेत त्यांत या मुली आहेत.

आणि कॅन्सर खरंच कमी होतो का, याचंही उत्तर आता आहे. इंग्लंडमध्ये बारा-तेराव्या वर्षी लस मिळालेल्या पिढीत हा कॅन्सर ८७ टक्क्यांनी कमी दिसला. स्वीडनमध्ये सतराच्या आत लस घेतलेल्यांमध्ये ८८ टक्क्यांनी. स्कॉटलंडमध्ये बारा-तेराव्या वर्षी लस घेतलेल्यांच्या नोंदी चाळल्या तर एकीलाही हा कॅन्सर सापडला नाही.

कोणती घ्यायची? हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक आहे. जुलै २०२२ मध्ये तिला परवानगी मिळाली, २०२३ पासून दवाखान्यांत मिळायला लागली. ती ६, ११, १६ आणि १८ या चार प्रकारांवर चालते. ६ आणि ११ हे गुप्तांगावरच्या चामखिळींचे. बाजारात आली तेव्हा एका डोसला दोन हजारांच्या आसपास पडत होती. दुसरी गार्डासिल ९, तिच्यात आणखी पाच प्रकार आहेत, पण किंमत डोसाला दहा हजारांच्या घरात जाते. पैशांची चणचण नसेल तर ती घ्या. ओढाताण करून घेऊ नका. १६ आणि १८ दोन्हींत आहेत आणि खरा फरक पडतो तो लस घेतली की नाही याने. नऊ ते चौदा पूर्ण होईपर्यंत कंपनीच्या वेळापत्रकाप्रमाणे सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस, पंधरा ते सव्वीसला तीन: आज, दोन महिन्यांनी, सहा महिन्यांनी. खासगीत मी दोन डोसच देते. सरकारी मोहिमेत एक डोस मोफत मिळत असेल तर तो बिनदिक्कत घ्या, "एकच कसा" म्हणून अडून बसू नका. प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी मात्र तीनच घ्यावेत. मुलालाही नवव्या वर्षापासून चालते, त्याला होणारे घशाचे आणि गुदद्वाराचे काही कॅन्सर याच विषाणूचे आहेत. एकीचेच पैसे असतील तर आधी मुलगी.

टोचायला नेताना मुलीला पोटभर खाऊ घालून न्या. या वयातल्या मुलींना सुई पाहून चक्कर येते, लसीने नव्हे. टोचल्यावर पंधरा मिनिटं बसवून ठेवा. लगेच स्कूटीवर मागे बसवून निघू नका. दंड दुखतो, एखाद्या दिवशी कणकण येते. पाळी चालू असली तरी चालतं. यीस्टची तीव्र अॅलर्जी असेल तर आधी सांगा, आणि गरोदरपणात ही लस देत नाहीत.

तुम्ही विचारलं नाहीत, पण पुढचा मेसेज हाच येणार: मीही घेऊ का? चार प्रकारांवरच्या जुन्या गार्डासिलला बायकांमध्ये ४५ वर्षांपर्यंत परवानगी आहे. फायदा मात्र तुमच्या वयात थोडा, कारण विषाणूशी गाठ बहुधा पडून गेलेली असते. माझं मत विचाराल तर तेच पैसे तपासणीवर घाला.

आता तुमच्याकडे. "मला त्रास नाही, म्हणून तपासणी नाही" हे उलटं आहे. त्रास नसतो तेव्हाच ही तपासणी करायची असते. त्रास सुरू झाला की तिला तपासणी म्हणत नाहीत, निदान म्हणतात.

या बाबतीत सोलापूर-मराठवाड्याच्या बायकांनी जगाला शिकवलेलं पुण्यात फारसं कोणाला माहीत नाही, याचं मला नेहमी नवल वाटतं. उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात, ३० ते ५९ वयाच्या सव्वा लाखाहून अधिक खेडेगावातल्या बायकांचा एक मोठा अभ्यास झाला. बार्शीचं कॅन्सर हॉस्पिटल आणि मुंबईचं टाटा त्यात होतं. गावांचे गट पाडले. एका गटाला एचपीव्ही टेस्ट, एकाला पॅप, एकाला व्हिनेगरसारखं अॅसेटिक अॅसिड लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणी, आणि एका गटाला नेहमीचीच व्यवस्था. आयुष्यात एकदाच, फक्त एकदा, एचपीव्ही टेस्ट झालेल्या गटात आठ वर्षांत या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास निम्मे झाले. पॅप आणि डोळ्यांनी पाहणीच्या एकाच फेरीने तसा ठळक फरक पडला नाही. २००९ मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि जगभरच्या मार्गदर्शक सूचनांचा रोख एचपीव्ही टेस्टकडे वळायला त्याचा मोठा हात लागला. मुंबईच्या वस्त्यांमध्ये शिकवून तयार केलेल्या साध्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी अॅसेटिक अॅसिडची तपासणी केली, तेव्हा तिथेही मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. म्हणजे ती स्वस्त तपासणीही कामाची आहे, फक्त ती पुन्हा पुन्हा करावी लागते.

तुमच्यासाठी हिशोब सोपा आहे. एचपीव्ही टेस्ट करा. निगेटिव्ह आली तर पाच वर्षं निश्चिंत. ती परवडत नसेल किंवा मिळत नसेल तर पॅप, दर तीन वर्षांनी. तिशीपासून पासष्टीपर्यंत हे चालू ठेवायचं. पंचविशीच्या आसपास विवाहित असलेल्यांना पॅपपासून सुरुवात करायला हरकत नाही, पण त्या वयात एचपीव्ही सरसकट करत सुटू नये, कारण आपोआप जाणारे संसर्ग सापडतात आणि पोरींची झोप उडते. तुमच्या मुलीलाही, लस घेतली तरी, पुढे तपासणी लागणारच; लसीत नसलेले प्रकार उरतातच.

सोनोग्राफीत हे दिसत नाही. हे मी मोठ्याने सांगते, कारण "सोनोग्राफी नॉर्मल आहे" हा कागद दाखवून तपासणी टाळणाऱ्या सुशिक्षित बायका मला सगळ्यात जास्त भेटतात. सोनोग्राफीत पिशवी दिसते, अंडाशय दिसतात. तोंडावरच्या पेशींमधले बदल दिसत नाहीत. रक्ताच्या तपासणीतही नाहीत. कंपनीने करून दिलेल्या फुल बॉडी चेकअपच्या पॅकेजमध्ये चाळीस गोष्टी असतात आणि पॅप असलीच तर "ऐच्छिक" म्हणून खाली. पुढच्या वेळी ती यादी उघडून बघा.

टेबलावर काय होतं ते सांगते, कारण खरी अडचण तिथेच आहे. उपाशी यायला लागत नाही. पाळीच्या पहिल्या दिवसापासून दहा ते वीस दिवसांच्या मधला दिवस धरा. आधीचे दोन दिवस संबंध नको, योनीत ठेवायच्या गोळ्या नकोत, आतून धुणं नको. लघवीला जाऊन या. साडी असेल तर वर घेता येते, सलवार-जीन्स काढावी लागते, म्हणून त्या दिवशी घेरदार कुर्ता किंवा गाऊन बरा. पाठीवर झोपून पाय वर घेऊन बाजूला करायचे, अंगावर चादर असते. स्पेक्युलम नावाचं एक साधन आत घालून उघडतात, त्याचा थंडपणा जाणवतो, दाब जाणवतो. तोंडाने श्वास सोडत राहिलात, कंबर टेबलाला टेकवून ठेवलीत, की स्नायू सैल पडतात आणि बरंचसं सोपं होतं. मग एक मऊ ब्रश गर्भाशयमुखावर फिरवून छोट्या बाटलीतल्या द्रवात हलवतात. ब्रश फिरतो तेव्हा ओटीपोटात जरा कळ आल्यासारखं वाटतं. कपडे बदलायला लागतो त्याहून कमी वेळात संपतं. नंतर दिवसभर एखादा डाग लागला तर घाबरू नका. दुखलं तर "थांबा" म्हणायचा तुम्हाला हक्क आहे, लहान मापाचं स्पेक्युलम मागायचा हक्क आहे, आणि लेडी डॉक्टरच हवी असं सांगायचाही. काही लॅबमध्ये एचपीव्हीसाठी स्वतःच ब्रश आत फिरवून नमुना द्यायची सोय आहे; टेबलाची धास्तीच बसली असेल त्यांनी ती जरूर विचारावी, नमुना चांगला येतो.

रिपोर्ट आल्यावरचा गोंधळ वेगळाच. पॅपच्या रिपोर्टवर "इन्फ्लमेशन" हा शब्द असतो, निम्म्या बायकांच्या असतो, तो कॅन्सर नाही. "अॅस्कस" म्हणजे पेशी थोड्या वेगळ्या दिसल्या, नक्की सांगता येत नाही. त्यावर एचपीव्ही टेस्ट करून ठरवतात. "एलसिल", म्हणजे पेशींमधला सौम्य बदल, बहुतेक वेळा आपोआप ओसरतो. "एचसिल", म्हणजे गंभीर बदल, आला तर मात्र कॉल्पोस्कोपी लागते, म्हणजे भिंगातून नीट पाहून शंकेच्या जागेचा कणभर तुकडा तपासायला घेणं. एचपीव्हीमध्ये १६ किंवा १८ पॉझिटिव्ह असेल तरही थेट कॉल्पोस्कोपी. बदल गंभीर निघाले तर तेवढाच भाग गरम करून जाळतात किंवा विजेच्या तारेच्या फाशाने कापून काढतात. सकाळी जाऊन संध्याकाळी घरी येण्याचं काम आहे. पिशवी जागच्या जागी राहते, पुढे मूलही होऊ शकतं. सगळ्यात वाईट काय, तर पॉझिटिव्ह रिपोर्ट कपाटात ठेवून देणं. भीतीने म्हणा, लग्नकार्य आहे म्हणून म्हणा, सहा महिने, वर्ष निघून जातं. तपासणी करून उपचार टाळले तर त्या तपासणीचा काडीचा उपयोग नाही.

आता जाऊबाई. "पिशवीच्या तोंडावर जखम" हे वाक्य महाराष्ट्रात जितक्या पिशव्या काढायला कारणी लागलं असेल तितकं दुसरं कुठलं नसेल. गर्भाशयमुखाच्या आतल्या बाजूच्या पेशी लालसर असतात. त्या बाहेरच्या बाजूला दिसू लागल्या की भाग सोलवटल्यासारखा लाल दिसतो. गरोदरपणात, गर्भनिरोधक गोळ्या घेताना, कित्येकदा काही कारण नसतानाही असं दिसतं. ती जखम नाही आणि कॅन्सरची पूर्वतयारीही नाही. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्यांचं प्रकरण गाजलं, हजारो जणींच्या काढलेल्या निघाल्या, कित्येक तिशी-पस्तिशीतल्या. त्यांतल्या अनेकींनी कॅन्सरची भीती घातल्याचं सांगितलं. अडतिसाव्या वर्षी पिशवी, आणि बरेचदा तिच्यासोबत अंडाशयही, काढले की हाडं, हृदय, झोप सगळ्यावर परिणाम होतो. ऊस तोडायला जाणाऱ्या बाईला तर कंबरेत बळच राहत नाही.

पण दुसरी बाजूही सांगायला हवी. त्या डॉक्टरांना खरंच काही संशयास्पद दिसलं असेल तर? तर मग घाईने पिशवी काढणं आणखी चुकीचं. कॅन्सर पसरायला लागलेला असेल तर साधं पिशवी काढायचं ऑपरेशन अपुरं पडतं. काही टप्प्यांवर मोठं ऑपरेशन लागतं, काहींवर ऑपरेशन नाहीच, रेडिएशन आणि केमो. आधी तुकडा तपासल्याशिवाय पिशवी काढली आणि नंतर त्यात कॅन्सर निघाला, की पुढचे उपचार अवघड होऊन बसतात. म्हणजे कॅन्सर नसेल तर ऑपरेशनची गरज नाही, आणि असेल तर हे ऑपरेशन बहुधा चुकीचं. दोन्ही बाजूंनी उत्तर एकच, आधी पॅप किंवा एचपीव्ही, गरज वाटली तर कॉल्पोस्कोपी आणि बायोप्सी. इंदापुरात होत नसेल तर पुण्याला तुमच्याकडे बोलावून घ्या. त्या डॉक्टरांशी भांडायला जाऊ नका, "आधी रिपोर्ट करून घेतो" एवढंच म्हणा.

फक्त त्यांना एक विचारून घ्या: संबंधानंतर रक्त जातं का? दोन पाळ्यांच्या मध्ये जातं का? घाण वासाचं, पाण्यासारखं किंवा रक्तमिश्रित जातं का? यातलं काही असेल तर पॅपच्या रिपोर्टची वाट पाहत बसायचं नाही, पॅप नॉर्मल आला तरी तज्ज्ञांनी प्रत्यक्ष पाहायला हवं. नुसतं पांढरं जाणं हे बहुतेक वेळा साध्या संसर्गाचं किंवा अगदी नैसर्गिक असतं.

हेच सासूबाईंना विचारा, जरा आडून. पाळी जाऊन दहा-पंधरा वर्षं झालेल्या बायका डाग दिसला तर सुनेला सांगत नाहीत; "उष्णतेने झालं असेल" म्हणून सब्जा पितात. पाळी गेल्यानंतरचा एक थेंबही दाखवायलाच हवा. त्रास नसला तरी त्यांची तपासणी आयुष्यात कधीच झाली नसेल तर एकदा करा. पासष्टीला थांबायचं ते आधीच्या तपासण्या नॉर्मल असलेल्यांनी. त्यांच्यासाठी अॅसेटिक अॅसिडची पद्धत उपयोगाची नाही, कारण या वयात बघायचा भाग आत सरकलेला असतो. पॅप किंवा एचपीव्हीच करा. योनी कोरडी असते म्हणून दुखतं, डॉक्टरांना आधी सांगितलंत तर आधी काही दिवस लावायला क्रीम देतात.

पैशांचा प्रश्न असेल तर ससून आहे, मंगळवार पेठेतलं महापालिकेचं कमला नेहरू आहे, पिंपरीकरांना वायसीएम आहे. स्त्रीरोग ओपीडीत सकाळी केसपेपर काढून "गर्भाशयमुखाची तपासणी करायची आहे" असं सरळ सांगा, नुसतं "चेकअप" म्हणालात तर वजन-बीपी करून परत पाठवतील. राष्ट्रीय कार्यक्रमात तिशीच्या पुढच्या बायकांची अॅसेटिक अॅसिडची तपासणी मोफत ठरवलेली आहे. तुमच्या घरी धुणंभांडी करायला येणाऱ्या मावशी तिशीच्या पुढच्याच असतील, त्यांना सोबत घेऊन जा. त्या दिवसाचा खाडा धरू नका.

जाऊबाईंचा रिपोर्ट आला की त्यावरचे शब्द जसेच्या तसे लिहून पाठवा, फोटो अंधुक येतात. मुलीच्या दुसऱ्या डोसची तारीख लसीच्या कार्डावर असते, पण सहा महिन्यांनी ते कार्ड सापडत नाही. तारीख फोनमध्ये टाकून ठेवा, आणि तिच्या खालीच तुमच्या टेस्टचीही.